वय भाटीचं विचारतात, बोक्याचं कुणी विचारत नाही

पर्शियन भाटीला बोक्याकडे कधी न्यावं, हा प्रश्न पुण्या-मुंबईत मांजरं पाळणाऱ्यांत निघाला की तीन उत्तरं हमखास मिळतात. पहिलं, हीटवर आली की लगेच. निसर्गालाच कळतं, अडवणारे आपण कोण? दुसरं, पुढे नसबंदी करायची असली तरी एक वेत होऊ द्यावं, नाहीतर तिची तब्येत बिघडते. तिसरं उत्तर चार गोष्टी वाचलेल्या माणसांकडून येतं: अठरा महिने पूर्ण होऊ द्या, त्याआधी मुळीच नाही. पहिल्या दोन मतांपायी कोवळ्या भाट्यांचे किती हाल होतात ते मी पाहिलं आहे. तिसऱ्या मतामागचा हेतू चांगला आहे, पण ते कुत्र्यांकडून उसनं आणलेलं आहे. शिवाय तिन्ही मतांत एक दोष सारखाच आहे. वयाचा सगळा हिशेब ती भाटीच्याच नावावर मांडतात. जातिवंत मांजरांच्या पैदाशीत सगळ्यांत मोठं नुकसान होतं ते बोक्याच्या वयाकडे दुर्लक्ष केल्यामुळे, असं माझं म्हणणं आहे आणि ते मी इथे मांडणार आहे.

आधी पहिलं मत घेऊ, कारण तेच सगळ्यांत जास्त चालतं. भाटी पहिल्यांदा हीटवर केव्हा येणार, हे मुख्यतः वजन आणि उजेड या दोन गोष्टींवर ठरतं. अंगाने ती अडीच किलोच्या आसपास भरली आणि दिवसाला बारा-चौदा तास उजेड मिळू लागला, की संप्रेरकांचं चक्र सुरू होतं. सयामी जातीत हे पाचव्या-सहाव्या महिन्यातच होऊ शकतं. पर्शियनमध्ये बऱ्याचदा वर्षाच्या आसपास, कधी त्याहून उशिरा. युरोपात हिवाळ्याचे दिवस आखूड झाले की मांजरींना आपोआप विश्रांती मिळते. मुंबईत वर्षातला सगळ्यांत लहान दिवससुद्धा सुमारे अकरा तासांचा, आणि वर फ्लॅटमधल्या ट्यूबलाइट रात्री बारापर्यंत चालू. अशा घरातल्या भाटीच्या शरीराला हिवाळा कधी कळतच नाही. बोका भेटला नाही तर आठवडाभरात हीट उतरते आणि दोन-तीन आठवड्यांनी परत येते. तेव्हा सातव्या-आठव्या महिन्यात ती ज्या हाका मारते, त्यांत निसर्गाचा वाटा किती आणि आपल्या दिव्यांचा किती, हे आधी पाहायला हवं.

बरं, निसर्गाचाच दाखला द्यायचा तर हाडांचाही द्यावा. मांजराच्या पुढच्या पायाच्या हाडाचं मनगटाकडचं टोक दीड वर्षाच्या आसपासपर्यंत वाढत राहू शकतं. मेन कून जातीची मांजरं तर तीन वर्षांची होईपर्यंत भरत असतात. आठ महिन्यांची भाटी गाभण राहू शकते, याचा अर्थ तिची वाढ पुरी झाली असा होत नाही. गाभणपणाचे दिवस साधारण पासष्ट, आणि खरी ओढ लागते ती त्यानंतर. पिल्लं तीन-चार आठवड्यांची होतात तेव्हा दूध पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. कॅल्शियम दुधातून जातं, आणि त्याच वेळी तिची स्वतःची हाडंही ते मागत असतात. पिल्लं गोंडस दिसतात आणि आईच्या पाठीचा कणा हाताला टोचायला लागतो, हे चित्र अशा घरांत नेहमीचं आहे.

पहिलारू आणि कोवळी, अशी एक पर्शियन भाटी विताना मी जवळून पाहिली आहे. वय नऊ महिने. पहिलं पिल्लू पातळ आवरणासकट खोक्यात पडलं. तिने एकदा वास घेतला, दचकली आणि उठून कपाटामागे जाऊन बसली. चपट्या तोंडाच्या मांजरीला एरवीही आवरण फाडणं आणि नाळ तोडणं जड जातं, कारण वरखालचे दात नीट जुळत नाहीत. घरच्या बाईंनी नखाने आवरण फाडलं, बोटाने पिल्लाच्या तोंडातला चिकटा काढला, पंचाने खसखसून पुसलं, नाळेला दोरा बांधला. पिल्लू ओरडलं तेव्हा कुठे भाटीने कपाटामागून मान बाहेर काढली. दुसरं पिल्लू पडेपर्यंत तिने पहिल्याला चाटलं नव्हतं. तिला दोष कसा देणार? दहा महिन्यांपूर्वी ती स्वतःच आईच्या पोटात होती.

याच मताच्या आधाराला आणखी एक गोष्ट सांगितली जाते: कोवळ्या वयात हाडं लवचीक असतात, त्यामुळे लवकर विणारी भाटी अडत नाही. मांजर अडते कशामुळे, याच्या नोंदी उपलब्ध आहेत. स्वीडनमध्ये १९९४ साली १५५ अडलेल्या मांजरींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६१ टक्के वेळा गर्भाशयाने कळाच दिल्या नव्हत्या किंवा देता देता ते थकून गेलं होतं. जन्ममार्ग अरुंद असणं हे कारण त्यामानाने फार थोड्या ठिकाणी निघालं. १९९५ च्या एका ब्रिटिश पाहणीत सुमारे २,९०० वेतांची माहिती गोळा केली होती. सरासरी ५.८ टक्के वेतांत भाटी अडली होती. मिश्र जातीच्या मांजरांच्या एका मोठ्या समूहात हे प्रमाण ०.४ टक्के होतं, तर डेव्हन रेक्स जातीत १८.२ टक्के. फार चपट्या आणि फार निमुळत्या डोक्याच्या जातींत अडचण जास्त, असा निष्कर्ष तिथे निघाला. म्हणजे पंच फेस, अर्थात अगदी चपट्या तोंडाच्या, भाटीच्या बाबतीत मूळ धोका डोक्याच्या घडणीतच आहे. कोवळ्या हाडांनी तो टळत नाही, उलट कळा देणारं शरीरच अपुरं असण्याची भीती वाढते.

दुसरं मत खोडायला फारसा वेळ लागत नाही. 'एक वेत झालं की भाटी निरोगी राहते' याला काही आधार असता तर तो स्तनांच्या कर्करोगाच्या नोंदींत दिसला असता, कारण मांजरींत हा रोग नेमका संप्रेरकांशी जोडलेला आहे आणि त्यातल्या बहुतेक गाठी घातक निघतात. अमेरिकेतला २००५ चा अभ्यास या बाबतीत स्पष्ट आहे. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत धोका ९१ टक्क्यांनी कमी, वर्षाच्या आत झालेल्यांत ८६ टक्क्यांनी कमी, आणि दोन वर्षांनंतर केली तर या बाबतीत फायदा दिसत नाही. पिल्लं झाली की नाही, याने काहीही फरक पडला नाही. मग 'तब्येतीसाठी एक वेत' या सल्ल्याने नेमकं काय साधतं? ज्या वर्षभरात नसबंदीचा सगळ्यांत मोठा लाभ मिळाला असता, ते वर्ष त्या वेतात निघून जातं. ज्यांना पैदास करायचीच नाही, त्यांनी पहिल्या हीटची वाटसुद्धा पाहू नये.

आता अठरा महिन्यांचा नियम. तो आपल्याकडे कुठून आला हे सांगता येतं. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी नियम केले. कुत्री अठरा महिन्यांपेक्षा लहान नसावी, आठ वर्षांपेक्षा मोठी नसावी, वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नाहीत. कुत्र्यांसाठी हे नियम योग्यच आहेत. पण कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी एकदा माजावर येते. अठरा महिन्यांपर्यंत थांबायचं म्हणजे एक-दोन माज सोडायचे. सयामी भाटी सहाव्या महिन्यात सुरू झाली आणि दर तीन आठवड्यांनी हीटवर येत राहिली, तर त्याच वर्षभरात सोळा-सतरा वेळा तिचं खाणं सुटतं, वजन उतरतं, झोप उडते. दोघींना एकाच मापाने मोजणं चूक आहे. कुत्रीचं बीज आपोआप सुटतं आणि मिलन होवो न होवो, पुढचे दोन महिने तिचं गर्भाशय गाभणपणाच्या संप्रेरकाखाली असतं. मांजरीचं बीज बहुधा मिलन झाल्यावरच सुटतं, तेही साधारण एक-दोन दिवसांनी. त्यामुळे रिकाम्या गेलेल्या हीटचा परिणामही दोघींत वेगळा होतो.

पैदासकार मंडळी इथे एक आक्षेप घेतात आणि त्यात तथ्य आहे. रिकाम्या हीटने पिशवी खराब होते, असं ते म्हणतात. मांजरीत बीज कधीकधी मिलनाशिवायही सुटतं, विशेषतः अनेक मांजरं एकत्र असलेल्या घरांत, हे नोंदलं गेलेलं आहे. तसं वारंवार होत राहिलं तर गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यात पाणी धरतं आणि पुढे पू होण्याचा धोका वाढतो. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या मांजरींच्या २०१४ च्या अभ्यासात पू होण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढत गेलेलं दिसतं, आणि ते जातीनुसारही फार बदलतं. स्फिंक्स सगळ्यांत वर. पण हे नुकसान वर्षानुवर्षांनी साचत जातं. तीन-चार हीट जाऊ दिल्याने एका तरुण भाटीची पिशवी बिघडते, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. सहा वर्षांची होईपर्यंत भाटीला ना वेत ना नसबंदी, असं ठेवू नये, एवढंच त्यातून निघतं. आठव्या महिन्यात घाई करा, असं त्यात कुठेही नाही.

मग भाटीचं योग्य वय कोणतं? वर्ष पूर्ण होण्याआधी कोणत्याही जातीची भाटी बोक्याकडे नेऊ नये. त्यानंतर जातीप्रमाणे पाहावं. सयामी किंवा बर्मीजसारखी लवकर तयार होणारी भाटी वर्ष-सव्वा वर्षाला चालेल. पर्शियनला सव्वा ते दीड वर्ष द्यावं, मेन कूनला त्याहूनही थांबावं. तिचं वजन दोन-तीन महिने एका जागी स्थिरावलेलं असावं आणि एक-दोन हीट येऊन गेलेल्या असाव्यात. मधल्या काळात हीट आवरायची तर तिच्या खोलीतला उजेड दिवसाला आठ-नऊ तासांवर आणण्याचा उपाय आहे, डॉक्टर सांगतील तर मेलाटोनिनचं रोपणही आहे. मात्र माणसांच्या संततिनियमनासारख्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. त्यांनी हीट थांबते हे खरं, पण स्तन सुजणं, पिशवीत पू होणं, मधुमेह, एवढं सगळं त्या मागे ठेवून जातात. दोन वेतांमध्ये पुरेसं अंतर हवं. 'फिफे' ही आंतरराष्ट्रीय मांजर-संघटना चोवीस महिन्यांत तीन वेतांपलीकडे जाऊ देत नाही. माझ्या मते पर्शियनला त्या काळात दोनच पुरेत.

इथपर्यंत पुष्कळांना पटतं. चर्चाही इथेच संपते, आणि माझा आक्षेप याच जागेवर आहे. भाटीचं वय चुकलं तर त्रास तिला आणि तिच्या एका वेताला होतो. बोक्याचं वय चुकलं तर काय होतं, हे मांडून पाहू. दहा महिन्यांचा देखणा, रुंद डोक्याचा पर्शियन बोका मेटिंगला सुरू केला. महिन्याला दोन भाट्या आल्या आणि प्रत्येकीला तीन पिल्लं झाली, तर वर्षाला बहात्तर पिल्लं. मेटिंगचे पैसे घ्या किंवा वेतातलं एक पिल्लू घ्या, दोन्ही रिवाज चालतात, त्यामुळे दार बंद करायचं कारण मालकाला दिसत नाही. हा बोका मूत्रपिंडात गाठी होण्याच्या आनुवंशिक विकाराचा, म्हणजे पीकेडीचा वाहक असेल, तर त्यांतली निम्मी, छत्तीस पिल्लं तो विकार घेऊन जन्मली. हा विकार एका पालकाकडून आला तरी पुरतो. ही दूरची शंका नाही. या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात पर्शियन मांजरांची सोनोग्राफी झाली, तेव्हा चाळीस-पन्नास टक्क्यांच्या दरम्यान मांजरांत हा विकार आढळला होता.

सोनोग्राफीच्या टेबलावर हे प्रत्यक्ष बघण्यासारखं असतं. बोक्याच्या कुशीचे केस मशिनने काढतात, थंड जेल लावतात, तो अंग चोरतो. पडद्यावर मूत्रपिंड घेवड्याच्या दाण्यासारखं करडं दिसतं, आणि गाठी असतील तर त्या करड्यात काळी, गोल, काठ रेखीव असलेली छिद्रं पडल्यासारखी दिसतात. बोका मात्र धडधाकट असतो. खातो, खेळतो, हीटवर आलेली भाटी दिसली की वेडा होतो. त्याची मूत्रपिंडं थकायला लागतात ती सरासरी सातव्या वर्षाच्या सुमारास. तोपर्यंत त्याची नातवंडंही विऊन झालेली असतात.

यावर कुणी म्हणेल की पीकेडीसाठी आता वयाची वाट पाहायची गरज नाही, आणि ते बरोबर आहे. लेस्ली लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या विकाराचा जनुकीय दोष शोधला. तेव्हापासून गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन पिल्लाचीसुद्धा चाचणी करता येते. सोनोग्राफी मात्र दहा महिन्यांनंतर केली तरच भरवशाची, चार महिन्यांच्या पिल्लात ती बऱ्याच गाठी चुकवते. म्हणजे पीकेडीच्या बाबतीत अडचण वयाची नाही, चाचणी करण्याच्या इच्छेची आहे. रक्तगटाचंही तसंच. 'बी' गटाच्या भाटीला 'ए' गटाचा बोका दिला तर 'ए' गटाची पिल्लं आईचं पहिलं दूध पिऊन दगावू शकतात. दोघांचं रक्त आधी तपासलं की हे टळतं.

हृदयाच्या बाबतीत मात्र काळाला पर्याय नाही. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार, एचसीएम, मेन कूनमध्ये एका जनुकीय बदलाशी जोडलेला आहे, हे २००५ मध्ये कळलं. रॅगडॉलमधला बदल २००७ मध्ये. त्या चाचण्या कराव्यातच, पण त्या ठरावीक बदलच पकडतात. पर्शियनमध्येही हा विकार होतो आणि त्यांच्यासाठी असं नेमकं जनुक हाती नाही. इकोकार्डिओग्राफी हाच मार्ग, आणि वर्षाच्या बोक्याचा इको स्वच्छ आला म्हणून तीन वर्षांचा झाल्यावरही तसाच येईल, असं नाही. म्हणून बोक्याचं योग्य वय ठरतं ते त्याच्यातले दोष दिसायला पुरेसा वेळ मिळाला की नाही, यावरून. दहाव्या महिन्यात तो मेटिंग करू शकतो, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

याला जोडून आणखी एक गोष्ट घडते. आपल्याकडे मांजरांची वंशावळ कागदावर क्वचितच असते. एका उपनगरात एकच देखणा बोका लोकप्रिय होतो, वर्षभरात त्याच्या मुली मोठ्या होतात, आणि घरोघरी विकल्या गेलेल्या त्या मुली मेटिंगसाठी पुन्हा त्याच दाराशी येतात. मालकाला ओळख पटत नाही, कारण पिल्लू तिसऱ्या घरी गेलेलं असतं. ज्या भाटीला आठव्या महिन्यात बोका दाखवतात आणि जो बोका दहाव्या महिन्यात सुरू होतो, त्यांच्यात बाप-लेकीची गाठ पडायला दीड वर्षही लागत नाही. दोघांना थांबवलं तर निदान विचारपूस करायला वेळ मिळतो.

बोका पाळणाऱ्यांची बाजू मला ठाऊक आहे. वयात आलेला बोका पडद्यांवर, सोफ्यावर फवारे मारतो, रात्रभर ओरडतो, दोन खोल्यांच्या घरात त्याला अडीच वर्षं तसाच ठेवा म्हणणं सोपं नाही. शिवाय इको, जनुकचाचणी, रक्तगट यांचा खर्च एखाद्या मेटिंगच्या पैशातून निघत नाही. तेव्हा मधला मार्ग असा: पीकेडीची चाचणी आणि रक्तगट आधी. सव्वा वर्षानंतर पहिला इको, तो ठीक आला तर एक किंवा दोनच भाट्या, आणि त्यांची पिल्लं कुठे गेली याची वही. मग थांबायचं. अडीच-तीन वर्षांचा झाल्यावर दुसरा इको, सोबत त्या पहिल्या पिल्लांची खबर, आणि सगळं स्वच्छ निघालं तरच दार उघडायचं. ज्याला एवढं जमणार नाही, त्याने बोक्याचं खच्चीकरण करून टाकावं. फवारे बहुधा थांबतात, ओरडणं कमी होतं आणि तो घरात सुखाने राहतो.

भाटीवाल्यांच्या हातातही पुष्कळ आहे, कारण बोका निवडायचा तो त्यांनीच. आज ते बोक्याचा फोटो मागवतात, तोंड किती चपटं ते पाहतात आणि मेटिंगचा आकडा विचारतात. त्याऐवजी पीकेडीचा अहवाल पाहायला मागावा. इको कोणत्या तारखेला केला आणि तेव्हा बोक्याचं वय काय होतं, ते विचारावं. त्याचा रक्तगट विचारावा. आजवर किती वेतं झाली, त्यांतलं सगळ्यांत मोठं पिल्लू आज किती वर्षांचं आहे आणि कुणाकडे आहे, तेही विचारावं. त्या पिल्लाच्या घरी एक फोन लावून त्याची तब्येत कशी आहे ते ऐकावं, आणि मगच भाटीला पिंजऱ्यात घालून निघावं.